झाडांची उदासी

पोर्तुगीज भाषेत ‘त्रिस्तेझा’ असा एक शब्द आहे. गोव्यातील जुन्या पिढीला तो अपरिचित नाही. खिन्नता, उदासी हा त्याचा अर्थ. माणसाच्या मनःस्थितीसाठी योजलेला हा शब्द ब्राझीलमधील बागाईतदारांनी आपल्या बागेतील झाडांना लावला, आणि आज जगातील कोणत्याही भाषेतील फळबागशास्त्राचा ग्रंथ उघडला, तरी लिंबूवर्गीय झाडांच्या एका भयंकर रोगाचे नाव म्हणून तो तेथे आढळतो.

या उदास झाडांचा इतिहास आज सांगावयाचा आहे. एका संकटावर शोधून काढलेला उपाय दुसऱ्या संकटाला कशी वाट करून देतो, हे त्यात दिसते. आणि ज्याला कोणी पाहिलेले नाही अशा शत्रूची ओळख मनुष्य किती सावकाश व किती जपून करून घेतो, हेही त्यात दिसते. आपल्याकडे विदर्भात संत्र्याच्या, मराठवाड्यात मोसंबीच्या बागा आहेत; त्यामुळे ही हकीकत दूर देशीची असली तरी आपल्याला अगदीच परकी नाही.

प्रथम नावांचा एक खुलासा करतो. इंग्रजीत ज्याला ऑरेंज म्हणतात, ते फळ आपल्या नागपुरी संत्र्यापेक्षा मोसंबीच्या जवळचे आहे. मोसंबी हे नावही मोझांबिक या एके काळच्या पोर्तुगीज वसाहतीवरून आले, असे मानतात. या भाषणात मोसंबी म्हटले की ते गोड ऑरेंज समजावे. ज्याची साल मुरंब्याला वापरतात आणि ज्याचा रस आंबट-कडवट असतो, त्याला मी आंबट नारिंग म्हणेन.

लिंबूवर्गीय झाडांचे मूळ घर आशिया खंडात आहे. ईशान्य भारत, ब्रह्मदेश आणि दक्षिण चीन या पट्ट्यात त्यांचे रानटी पूर्वज सापडतात. येथून अरबांनी आंबट नारिंग आणि लिंबू पश्चिमेकडे नेले. उत्तम प्रतीची मोसंबी युरोपात लोकप्रिय करण्याचे श्रेय बऱ्याच अंशी पोर्तुगीज दर्यावर्दींकडे जाते; म्हणूनच ग्रीक, तुर्की, अरबी आणि फारसी या भाषांत मोसंबीचे नाव आजही पोर्तुगालवरून पडलेले आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनीच ही झाडे ब्राझीलला नेली.

या प्रवासातील एक गोष्ट पुढील हकीकतीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. शिडाच्या जहाजांवर महिनोन्‌महिने रोपे जगवणे कठीण असे. त्यामुळे झाडांचा प्रवास मुख्यतः बियांच्या रूपाने झाला. आज आपल्याला ठाऊक आहे की, त्रिस्तेझाचा विषाणू बियांतून पुढील पिढीत जात नाही. म्हणजे झाडे जगभर पसरली, तरी त्यांचा जुना आशियाई रोग मागेच राहिला. एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या, प्रवास आठवड्यांचा झाला, आणि कुंडीतील जिवंत कलमे एका खंडातून दुसऱ्या खंडात जाऊ लागली. तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न दिसणारा सोबतीही निघाला.

आता पहिल्या संकटाकडे वळू. अटलांटिक महासागरात अझोर्स नावाची पोर्तुगीज बेटे आहेत. तेथे मोसंबीच्या मोठ्या बागा होत्या. १८४२ च्या सुमारास तेथील झाडांच्या बुंध्यांतून डिंक गळू लागला, साल कुजू लागली आणि बागा मरू लागल्या. आपले संत्रा-बागाईतदार ज्याला ‘डिंक्या’ म्हणतात, तोच हा रोग. पाणी साचणाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्म जीवामुळे तो होतो. त्या काळी बहुतेक झाडे बियांपासून वाढवलेली, स्वतःच्या मुळांवर उभी असत. मोसंबीची मुळे आणि बुंधा या रोगाला फार लवकर बळी पडतात. आंबट नारिंगाची मुळे त्याला दाद देत नाहीत. मग बागाईतदारांनी सरळ उपाय केला. खाली आंबट नारिंगाचा खुंट घ्यावयाचा आणि त्यावर मोसंबीचा डोळा भरावयाचा. खालचे अर्धे झाड रोगाशी झुंजेल, वरचे अर्धे गोड फळ देईल.

हा उपाय इतका यशस्वी ठरला की, भूमध्य समुद्राच्या काठचे देश, अमेरिकेतील कॅलिफोर्निया व फ्लॉरिडा, ब्राझील आणि अर्जेंटिना येथे आंबट नारिंग हाच जवळजवळ सर्वमान्य खुंट झाला. कोट्यवधी झाडे एकाच प्रकारच्या मुळांवर उभी राहिली.

तथापि सर्वत्र असे घडले नाही. दक्षिण आफ्रिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनुभव उलटा येऊ लागला. तेथे आंबट नारिंगावरील मोसंबी काही वर्षांत खंगून जाई. जंबेरीवर डोळा भरलेली मोसंबी मात्र उत्तम वाढे. जावा बेटातही तेच दिसून आले. हे मोठे कोडे होते. मोसंबी स्वतःच्या मुळांवर निरोगी, आंबट नारिंग स्वतःच्या मुळांवर निरोगी; मग दोघांची जोडी का मरावी? जावातील टॉक्सोपियस या शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये असे सुचवले की, या दोन जातींचे मुळातच पटत नाही. वरच्या भागात तयार होणारा एखादा पदार्थ खालच्या खुंटाला विषासमान होत असावा. हे अनुमान बुद्धीला पटण्यासारखे होते, पण त्यात एक अडचण होती. हीच जोडी कॅलिफोर्नियात आणि स्पेनमध्ये अनेक वर्षे सुखाने नांदत होती. स्वभावतःच न पटणाऱ्यांचे एका देशात पटावे आणि दुसऱ्या देशात पटू नये, हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यापूर्वीच दक्षिण अमेरिकेवर आपत्ती कोसळली. १९३० च्या सुमारास अर्जेंटिनात झाडांची बारीक मुळे कुजून झाडे मरू लागली. १९३७ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलो राज्यात, पाराइबा नदीच्या खोऱ्यात, तोच प्रकार सुरू झाला. पाने तजेला टाकून निस्तेज होत, फिकट पडत, गळत. फळे लहान राहत. काही झाडे वर्षा-दोन वर्षांत वाळत, तर काही एका हंगामात, फळे अंगावर असतानाच कोमेजून जात. लोकांनी या रोगाला दिलेले ‘त्रिस्तेझा’ हे नाव १९४२ मध्ये सिल्व्हिओ मोरेरा यांच्या लेखामुळे शास्त्रीय वाङ्मयात आले. अर्जेंटिनात सुमारे एक कोटी आणि ब्राझीलमध्ये साठ लाखांहून अधिक झाडे या रोगाने गेली. कॅलिफोर्नियात १९३९ मध्ये ‘शीघ्र ऱ्हास’ या नावाने ओळखला जाऊ लागलेला रोगही तोच होता, हे मागाहून कळले. तेथे सुमारे तीस लाख झाडे मेली. विसाव्या शतकात जगभर मिळून जवळजवळ दहा कोटी झाडे या एका रोगाने गिळली, असा अंदाज आहे. मोसंबीचे झाड भरास येण्यास काही वर्षे लागतात. त्यामुळे या आकड्यामागे किती कुटुंबांची किती वर्षांची मेहनत बुडाली, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

कारण शोधण्याचे काम आता निकडीचे झाले. मातीची तपासणी झाली, खतांची झाली, मुळांवरील बुरशीची झाली. १९४६ या एकाच वर्षी दोन दूरच्या ठिकाणांहून निर्णायक पुरावा आला. साओ पावलो येथे मेनेघीनी यांनी रोगट झाडांवरचा काळपट रंगाचा मावा निरोगी रोपांवर सोडला आणि त्या रोपांना रोग जडला. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड येथील लिंबूवर्गीय संशोधन केंद्रात फॉसेट आणि वॉलेस यांनी रोगट झाडाचे डोळे निरोगी झाडावर भरून रोग उत्पन्न करून दाखवला. जो रोग माव्याच्या सोंडेने जातो आणि कलमाच्या डोळ्याने जातो, तो मातीचा दोष नव्हे आणि दोन जातींमधील जन्मजात वैरही नव्हे. तो सजीव पेशींत वाढणाऱ्या संसर्गाचा, म्हणजे विषाणूचा परिणाम असला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला.

विषाणूची कल्पना त्या वेळी नवी नव्हती. तंबाखूच्या पानांवरील केवड्याचा अभ्यास करताना १८९२ मध्ये रशियातील इव्हानोव्हस्की यांना आणि १८९८ मध्ये हॉलंडमधील बायरिंक यांना असे आढळले होते की, जीवाणूंना अडवणाऱ्या गाळणीतूनही रोगाचे कारण पार होते. परंतु तंबाखूच्या विषाणूचा अभ्यास सोपा होता. पान चुरडून रस दुसऱ्या पानावर चोळला की काम होई. त्रिस्तेझाचा विषाणू सालीच्या आतल्या अन्नवाहिन्यांत दडून राहतो आणि तेथेही अल्प प्रमाणात असतो. त्यामुळे तो आहे हे सिद्ध झाल्यावरही अनेक वर्षे तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही.

दोघांपैकी कोणाचीही एकट्याने हानी न करणारा हा विषाणू जोडीला कसा मारतो, याचा उलगडा श्नायडर यांनी सालीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून केला. मोसंबीच्या अंगात विषाणू सुखाने राहतो. पानांत तयार झालेल्या अन्नाबरोबर तो खाली उतरतो. जोडाच्या खाली आंबट नारिंगाची साल सुरू होते. तेथील अन्नवाहिन्या त्याला सहन करू शकत नाहीत आणि मरतात. वाट बंद झाली की मुळांना अन्न पोचत नाही. मुळे साठवलेला पिष्ट पदार्थ संपेपर्यंत जगतात, नंतर कुजतात. मुळे गेली की वरच्या पानांना पाणी मिळत नाही. अर्जेंटिनातील लोकांना जी मुळांची कुज रोगाचे मूळ वाटली, ती खरे म्हणजे उपासमारीचा शेवट होती.

आता असा प्रश्न आला की, बाहेरून निरोगी दिसणाऱ्या झाडात विषाणू आहे की नाही, हे ओळखावे कसे? फळावरून झाडाची पारख करावी ही शिकवण माणसांच्या बाबतीत खरी आहे. बागेत मात्र ती फसवी ठरते. जंबेरीवरील मोसंबीचे झाड भरघोस, गोड फळे देत असते आणि त्याच्या प्रत्येक डोळ्यात विषाणू असू शकतो. या कामी उपयोगी पडले ते आपले कागदी लिंबू. हेच लिंबू अमेरिकेत ‘मेक्सिकन लाइम’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या रोपावर संशयित झाडाचा डोळा भरला आणि त्यात विषाणू असला, तर काही आठवड्यांत नव्या पानांच्या शिरा ठिकठिकाणी पारदर्शक होतात. पान उजेडात धरले की त्या चमकतात. वॉलेस आणि ड्रेक यांनी १९५१ च्या सुमारास ही कसोटी रूढ केली, आणि दीर्घ काळ जगातील प्रत्येक रोपवाटिकेचा निवाडा कागदी लिंबाच्या पानाने केला.

येथे इतिहासातील एक मोठी शिकवण लक्षात घेण्यासारखी आहे. विषाणू दिसण्यापूर्वीच त्यावरचा उपाय अमलात आला होता. ब्राझीलने आंबट नारिंगाचा त्याग केला आणि रंगपूर लाइम या खुंटाची कास धरली. बंगालमधील रंगपूरचे नाव धारण करणारा हा खुंट विषाणूला सहन करतो आणि दुष्काळातही तग धरतो. याशिवाय कोस्ता, ग्रँट आणि म्यूलर यांनी आणखी एक युक्ती साधली. या विषाणूचे काही वाण सौम्य असतात. सौम्य वाणाची लागण आधीच करून ठेवलेल्या झाडात उग्र वाणाला सहसा थारा मिळत नाही. देवीच्या लसीची आठवण करून देणारी ही पद्धत ‘पेरा’ जातीच्या लाखो झाडांवर वापरण्यात आली. ब्राझीलच्या बागा पुन्हा उभ्या राहिल्या, आणि तो देश पुढे संत्रारसाच्या निर्यातीत जगात पहिल्या क्रमांकावर पोचला.

विषाणूचे दर्शन १९६४ मध्ये घडले. ब्राझीलमधील किताजिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोगट झाडांतील लांब, वळणदार सूत्रे पाहिली. त्यांची लांबी सुमारे २,००० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. जाडी मात्र लांबीच्या सुमारे दोनशेवा भाग. तंबाखूच्या विषाणूच्या आखूड, ताठ कांड्यांपुढे हा एखाद्या लांब दोऱ्यासारखा होता. यानंतर विषाणू शुद्ध करून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करण्यात आली, आणि १९७९ पासून एका दिवसात हजारो नमुने तपासणे शक्य झाले. जे काम कागदी लिंबू काही आठवड्यांत करी, ते आता एका बशीतील रंगाने सांगितले जाऊ लागले.

पण पाहणे निराळे आणि वाचणे निराळे. प्रत्येक विषाणूच्या पोटात त्याचा अनुवंशलेख असतो. त्रिस्तेझाच्या विषाणूत तो आर.एन.ए. या रसायनाच्या एकाच लांब साखळीवर चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला आहे. फ्लॉरिडातील टी-३६ या वाणाचा संपूर्ण लेख करासेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये वाचून प्रसिद्ध केला. त्याची लांबी १९,२९६ अक्षरे भरली. तंबाखूच्या विषाणूचा लेख सुमारे ६,४०० अक्षरांचा आहे, म्हणजे हा त्याच्या तिप्पट. त्यात बारा स्वतंत्र आदेश आढळले. पुढे असे कळले की, त्यांतील तीन प्रथिने झाडाची स्वसंरक्षणाची यंत्रणा गप्प बसवण्याचे काम करतात. झाडाच्या पेशी परक्या आर.एन.ए.चे तुकडे करून टाकतात. हा विषाणू त्या कातरीची धारच बोथट करतो.

एकदा एक लेख वाचता आल्यावर इतर वाणांचे लेख ताडून पाहणे ओघानेच आले. इस्राएलमधील उग्र वाण फ्लॉरिडातील टी-३६ पासून बराच दूरचा निघाला. याउलट फ्लॉरिडातील टी-३० हा सौम्य वाण आणि स्पेनमधील टी-३८५ हा सौम्य वाण यांचे लेख जवळजवळ एकच असल्याचे २००० मध्ये दिसून आले, यद्यपि त्यांच्यामध्ये एक महासागर आणि अनेक वर्षांचे अंतर होते. कोणत्या झाडाबरोबर कोणता वाण कोठून कोठे गेला, याचा मागोवा आता विषाणूच्या अक्षरांतून घेता येतो. जहाजांच्या नोंदवह्यांत जो प्रवासी नोंदला गेला नाही, त्याने आपली नोंद स्वतःच्या अंगावर जपून ठेवली होती.

ब्राझीलची कथा येथे सुखाने संपावयास हवी होती. पण तसे झाले नाही. १९९९ मध्ये मिनास जेराइस राज्याच्या दक्षिण भागात आणि लगतच्या साओ पावलोच्या उत्तर भागात रंगपूर लाइमवरील झाडे एकाएकी मरू लागली. पानांची चकाकी जाई, नवी फूट येत नसे, आणि कित्येक झाडे फळांसह उभ्या उभ्या वाळत. जोडाखालची साल खरवडली की आत पिवळा डाग दिसे, आणि अन्नवाहिन्या मेलेल्या आढळत. जुन्या लोकांना त्रिस्तेझाची आठवण झाली. रोगाला ‘आकस्मिक मृत्यू’ असे नाव पडले. आंबट नारिंगाच्या जागी बहुसंख्य झाडे ज्या एका खुंटावर आणली होती, तोच खुंट आता जोखमीत आला होता. १८४२ मध्ये बुरशीवरचा उपाय म्हणून एक खुंट सर्वत्र लावला, त्याने विषाणूला दार उघडले; विषाणूवरचा उपाय म्हणून दुसरा खुंट सर्वत्र लावला, त्याने तिसऱ्या रोगाला दार उघडले.

या वेळी मात्र शास्त्राच्या हाती निराळी हत्यारे होती. साओ पावलोच्या प्रयोगशाळांनी मोसंबीच्याच दुसऱ्या एका रोगाच्या, झायलेला नामक जीवाणूच्या, अनुवंशाचे संपूर्ण वाचन करून २००० मध्ये प्रसिद्ध केले होते. वनस्पतीला रोग देणाऱ्या जीवाणूचे असे वाचन जगात प्रथमच झाले होते. त्या कामात तयार झालेल्या काही शास्त्रज्ञांनी कांपिनास येथे ‘अलेलिक्स’ नावाची संस्था काढली. झायलेलाचे रोमन स्पेलिंग जवळजवळ उलटे लिहिले की हे नाव होते. त्यांनी कोणत्याही विशिष्ट विषाणूचा आधीच संशय न धरता रोगट झाडांतील विषाणूजन्य आर.एन.ए. काढले, त्याचे तुकडे वाचले आणि संगणकाने जुळवले. त्यांत त्रिस्तेझा तर होताच. पण त्याखेरीज पूर्वी कोठेही न वर्णिलेला, सुमारे ६,८०० अक्षरांचा एक नवा विषाणू मिळाला. माक्केरोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तो जाहीर केला. मोसंबीच्या विषाणूंच्या इतिहासात क्रम उलटला तो येथे. त्रिस्तेझाच्या बाबतीत आधी रोग, मग संसर्गाची सिद्धी, मग दर्शन, मग वाचन असा सुमारे सहा दशकांचा प्रवास झाला. येथे वाचन सर्वांत आधी झाले.

आणि म्हणूनच या नव्या विषाणूला दिलेले नाव काळजीपूर्वक ऐकण्यासारखे आहे. त्याला ‘आकस्मिक मृत्यूचा विषाणू’ म्हटले नाही. ‘आकस्मिक मृत्यूशी निगडित विषाणू’ असे म्हटले. रोगट झाडांत तो सापडतो. परंतु रोगाचे चिन्ह नसलेल्या काही झाडांतही तो आढळतो, आणि त्रिस्तेझाचा विषाणूही बहुतेक वेळा सोबत असतो. घटनास्थळी हजर असणे आणि गुन्हा करणे यांत फरक आहे. न्यायालयात जो भेद आपण आग्रहाने पाळतो, तोच प्रयोगशाळेतही पाळावा लागतो. ‘निगडित’ या एका शब्दात शास्त्राचा सारा प्रामाणिकपणा साठवलेला आहे.

अशा शोधांचा ओघ आता वाढला आहे. तुर्कस्तानात १९८० नंतरच्या दशकात दिसलेल्या खुरटेपणाच्या रोगात एक गोलाकार डी.एन.ए. असलेला नवा विषाणू २०१२ मध्ये सापडला; त्याच्याही नावात ‘निगडित’ हा शब्द आहे. पानांच्या शिरांवर पुटकुळ्या आणणारा एक रोग कॅलिफोर्नियात १९५३ मध्ये वर्णिला गेला होता. त्यातील विषाणू स्पेनमधील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये ओळखला. झाडाच्या संरक्षक कातरीने विषाणूचे जे बारीक तुकडे केले होते, तेच तुकडे वेचून, वाचून, जुळवून त्यांनी शत्रूचा चेहरा उभा केला. रोगाच्या वर्णनापासून कारणाच्या ओळखीपर्यंत बरोबर साठ वर्षे गेली.

आपल्या देशाचाही या इतिहासात वाटा आहे. तत्कालीन मुंबई राज्यातील लिंबूवर्गीय झाडांच्या ऱ्हासात त्रिस्तेझाचा विषाणू असल्याचे वासुदेव आणि कपूर यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले. दार्जिलिंगच्या डोंगरातील कालिंपोंग येथील वाणाचा संपूर्ण लेख २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो निरनिराळ्या वाणांच्या मिश्रणातून बनलेला आढळला. जेथे विषाणू फार काळ वस्ती करून आहे, तेथे असे मिश्रण होणे स्वाभाविक आहे. भारतातील किन्नो झाडांवरील वलयाकार डागांच्या रोगातील विषाणू तर इतका निराळा निघाला की, त्याच्यासाठी विषाणूंच्या वर्गीकरणात ‘मँडारीव्हायरस’ हा नवा वंश निर्माण करावा लागला.

विदर्भाच्या संत्र्याला त्रिस्तेझाने ब्राझीलप्रमाणे एका झटक्यात का मारले नाही, याचे उत्तर आता सहज देता येईल. आपल्याकडे पूर्वापार डोळा भरला जातो तो जंबेरीवर, आणि अलीकडे रंगपूर लाइमवर. आंबट नारिंगाचा खुंट आपण धरला नाही, म्हणून तो आघात टळला. परंतु जंबेरी डिंक्याला लवकर बळी पडते. म्हणजे अझोर्स बेटांवर १८४२ मध्ये जो रोग होता, तो आपल्या बागांतून अद्याप गेलेला नाही. आणि विषाणू झाड मारत नाही याचा अर्थ तो झाडात नाही असा होत नाही. सहन करणारे झाड म्हणजे रोगमुक्त झाड नव्हे.

येथेच सामान्य बागाईतदाराचा या सर्व इतिहासाशी संबंध येतो. मावा विषाणूला एका बागेतून शेजारच्या बागेत नेतो. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात मात्र त्याला मनुष्यच नेतो, कलमाच्या डोळ्यातून. एका रोगट मातृवृक्षाचे डोळे हजारो रोपांवर भरले की हजारो बागांत तो एकाच वर्षी पोचतो. यावर उपायही उपलब्ध आहे. कोवळ्या शेंड्याच्या अगदी टोकाशी, मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागात, विषाणू सहसा पोचलेला नसतो. ते टोक कापून परीक्षानळीतील रोपावर सूक्ष्मकलम करण्याची पद्धत १९७५ मध्ये नव्हारो, रॉयस्टाकर आणि मुराशिगे यांनी सिद्ध केली. नागपूर येथील पूर्वी राष्ट्रीय केंद्र असलेल्या आणि आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत मातृवृक्षांची तपासणी आणि सूक्ष्मकलमे, दोन्ही होतात. चार पैसे कमी पडतात म्हणून रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून घेतलेले कलम आणि तपासलेल्या मातृवृक्षाचे कलम यांत पहिली पाच वर्षे फरक दिसत नाही; तो दिसतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

श्रोतेहो, या सर्व हकीकतीतून मला दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. पहिली अशी की, एखादा उपाय कितीही उत्तम असला तरी तो एकमेव करू नये. ज्या प्रदेशात दोन-तीन प्रकारच्या खुंटांवर बागा उभ्या असतील, तेथे नव्या रोगाने एक पंक्ती मारली तरी दुसरी उरेल. दुसरी गोष्ट धीराची. आज यंत्रे विषाणूंची अक्षरे भराभर वाचतात, नव्या नव्या नावांच्या याद्या प्रसिद्ध होतात, आणि प्रत्येक नाव ऐकून कुऱ्हाड उचलण्याचा मोह होऊ शकतो. अशा वेळी मेनेघीनी यांनी मावा एका रोपावरून दुसऱ्या रोपावर सोडून जो पुरावा मिळवला, त्या जातीचा पुरावा मागण्याचा आपल्याला हक्क आहे आणि तो मिळेपर्यंत थांबण्याचे कर्तव्यही आहे. तोवर रोपे मात्र तपासलेल्या मातृवृक्षाचीच घ्यावीत, आणि शेजाऱ्याच्या बागेतील डोळा आपल्या बागेत आणण्यापूर्वी तो कोणत्या झाडाचा आहे, हे विचारून घ्यावे.